शंका-समाधान : टर्बो पास्कल आणि हीपची मेमरी

प्रश्न : खातेवहीचा टर्बो पास्कल ७.० (डॉसवरची जुनी प्रोग्रामिंग भाषा) मधला जुना प्रोग्राम डॉसबॉक्समध्ये (आजच्या संगणकावर डॉसचे प्रोग्राम चालवणारे सॉफ्टवेअर) चालवतो. सुरुवातीला ठीक चालतो, पण बऱ्याच नोंदी दुरुस्त केल्या की ‘रनटाइम एरर २०३’ देऊन बंद पडतो. कधी २०४ येते. डॉसबॉक्सची मेमरी १६ वरून ६४ एमबी केली, तरी तेच. — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ६४ एमबीचा इथे काही उपयोग नाही. रिअल मोडमध्ये, म्हणजे डॉसच्या मूळ पद्धतीत, हीपला (प्रोग्राम चालू असताना लागेल तशी मागून घ्यायची मेमरी) पहिल्या ६४० केबीतलीच जागा मिळते. २०३ म्हणजे मागितला तेवढा सलग तुकडा हीपमध्ये सापडला नाही. २०४ म्हणजे डिस्पोज किंवा फ्रीमेमच्या (घेतलेली जागा परत करणाऱ्या आज्ञा) वेळी पॉइंटरचा, म्हणजे त्या जागेच्या पत्त्याचा, हिशेब बिघडला. दोन्ही आलटूनपालटून येत असतील तर मूळ बहुधा एकच: गेटमेमने (हीपमधून जागा घेणारी आज्ञा) जेवढे घेतले तेवढेच फ्रीमेमने परत केलेले नाही.

आधी मुख्य मेनूवर मेमअव्हेल (हीपमधली एकूण मोकळी जागा) आणि मॅक्सअव्हेल (सर्वात मोठा सलग मोकळा तुकडा) छापून घ्या. एक नोंद उघडा, बदला, बंद करा, मेनूवर परत या. मेमअव्हेल दर फेरीला घटत असेल तर गळती आहे, म्हणजे घेतलेली जागा पूर्ण परत होत नाही. ते कायम राहून फक्त मॅक्सअव्हेल घसरत असेल तर हीपचे तुकडे पडलेत.

गळती असल्यास नावे-पत्ते साठवणारी प्रोसिजर तपासा. जागा वाचवायला ‘लेंग्थ अधिक १’ (जेवढी अक्षरे तेवढे, शिवाय लांबी नोंदवायला एक) बाइट घ्यायची तेव्हा सर्रास पद्धत होती. आवृत्ती ६ पासून हीप ८ बाइटच्या पटीत जागा देतो. २० अक्षरी नावाला २१ बाइट मागितले की २४ जातात. दुरुस्तीत नाव ९ अक्षरी झाले आणि सोडताना ही नवी लांबी मोजली, तर १० चे १६ परत येतात आणि ८ बाइट कायमचे बुडतात. नाव वाढून ३० अक्षरी झाले तर आणखी वाईट. ते शेजारच्या ब्लॉकवर लिहिले जाते, आणि सोडताना ३१ चे ३२ परत जातात, त्यातले शेवटचे ८ शेजाऱ्याचे! बोंब मात्र उशिरा उठते, तीही भलत्याच ओळीवर. म्हणून एरर आली ती ओळ उकरत बसू नका.

नाव बदलण्याआधी जुन्या लांबीने फ्रीमेम करा, मग नव्या लांबीने गेटमेम. घेतलेला आकार रेकॉर्डमध्येच वर्ड (१६ बिटी पूर्णांक) प्रकारच्या फील्डमध्ये ठेवला तर सर्वात उत्तम. मार्क-रिलीज (हीपवर खूण करून तिथपासूनची सगळी जागा एकदम सोडणे) वापरले असेल तर त्याच्या जोडीला डिस्पोज किंवा फ्रीमेम नको.

प्रश्न : ३०० × ३०० बाइटच्या तक्त्यासाठी ‘ओळी गुणिले रकाने’ असे गेटमेमला दिले. एरर येत नाही, पण आकडे बिघडतात.

उत्तर : ९०,००० हा आकडा १६ बिटांत मावत नाही. ६५,५३६ वजा होऊन २४,४६४ बाइटच मिळतात आणि पुढचे लिखाण परक्या जागेत जाते. आवृत्ती ७ मध्ये क्यू-प्लस डिरेक्टिव्ह (आकडा मावतो का ते तपासायची कंपायलरला दिलेली सूचना) चालू केले तर गुणाकारावरच एरर २१५ येईल. एकसंध तक्ता सोडा. ३०० पॉइंटरचा ॲरे करून प्रत्येक ओळीला ३०० बाइट वेगळे घ्या.

प्रश्न : एक्झेकने (आपल्या प्रोग्राममधून दुसरा चालवणारी आज्ञा) दुसरा प्रोग्राम सुरूच होत नाही, डॉसएररमध्ये (डॉसने कळवलेला चुकीचा क्रमांक) ८ येते.

उत्तर : ८ म्हणजे मेमरी अपुरी. एम डिरेक्टिव्हमध्ये (प्रोग्रामला किती मेमरी द्यायची ते सांगणारी सूचना) कमाल हीप मुळात ६,५५,३६० असते, त्यामुळे तुमचाच प्रोग्राम सगळी जागा अडवून बसतो. मुख्य प्रोग्रामच्या सुरुवातीला एम १६३८४, ०, ६५५३६ असे द्या: स्टॅक (प्रोसिजरच्या तात्पुरत्या व्हेरिएबल्सची जागा), किमान हीप, कमाल हीप. युनिटमध्ये (प्रोग्रामला जोडायच्या वेगळ्या फाइलमध्ये) दिलेले चालत नाही. कमाल हीप फार आवळली तर मात्र २०३ येईल.