आमच्या शाहूवाडीकडची देवराई तोडणार म्हणतायत, नुसत्या सह्या घेऊन थांबेल का?

नुसत्या सह्यांनी नाही थांबणार, पण सह्या सोडू पण नका. आधी तलाठ्याकडनं सातबारा काढा, जमीन देवस्थानची, वनखात्याची का खाजगी ते बघा, अर्ज कुणाकडं द्यायचा ते त्यावरच ठरतंय. खाजगी निघाली तरी घाबरू नका, 1996 च्या गोदावर्मन केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की मालक कुणीही असो, जंगल ते जंगलच. ग्रामसभेत ठराव घ्या, जुन्या हिरड्या-जांभळांचे बुंधे आणि त्यांवर चढलेल्या मांडीएवढ्या जाड गारंबीचे तारीख-लोकेशनसकट फोटो काढून ठेवा आणि करवत लागलीच तर लगेच वनखात्याच्या 1926 या हेल्पलाइनला फोन. केरळात सायलेंट व्हॅलीचं जंगल वाचवायची मागणी लोकांनी अशीच वर्षानुवर्षं लावून धरली, 1984 ला नॅशनल पार्क झालं बघा. आणि सभेत म्हाताऱ्या माणसांना पुढं बसवा, राई त्यांनीच राखलीय, त्यांच्या शब्दाला गावात वजन असतंय.