कोकणात पर्यावरण संस्था पर्यटनातून हवामान बदलाला कसं तोंड देतात?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास या किनाऱ्यावरच्या गावाचंच घ्या. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ च्या सुमारास तिथे ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. पूर्वी ती चोरीला जायची. आता कासव महोत्सवाचे पाहुणे गावातल्याच घरांत उतरतात, पैसा गावात राहतो. सकाळी घरट्यावरची टोपली उचलली की तळहातात मावेल एवढं पिल्लू लाटेकडे सरपटतं. वाळू फार तापली तर माद्याच जास्त जन्मतात, म्हणून घरट्यांच्या तापमानाकडे लक्ष ठेवावं लागतं.

वेंगुर्ल्यात स्वामिनी बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन, म्हणजे खारफुटीचं जंगल, दाखवतात. त्याच्या चिखलात कार्बन साठून राहतो, आणि कमाई झाडं उभी असेपर्यंतच. बाकी मुंबईहून एकट्याने गाडी हाकत आलात तर कार्बनचा हिशेब तिथेच फिसकटला! वेळासला जायला खेडपर्यंत कोकण रेल्वेने येता येतं.