बायबल कोणी लिहिलं, आणि त्यात कोणती पुस्तकं घ्यायची हे कोणी ठरवलं?

तुम्ही विचारलंय की बायबल नेमकं कोणी लिहिलं, आणि कॉन्स्टंटाइन बादशहाने निकेयाच्या परिषदेत मतदान घेऊन त्यातली पुस्तकं ठरवली, नको ती जाळून टाकली, हे खरं आहे का.

दुसऱ्या भागाचं उत्तर लगेच देता येतं. खरं नाही. निकेयाची परिषद इ.स. ३२५ मध्ये भरली ती मुख्यतः अरियस नावाच्या धर्मगुरूच्या शिकवणुकीवरून. येशू पित्यासारखाच अनादी की पित्याने निर्माण केलेला, असा तो वाद होता. ईस्टर कधी पाळायचा याचाही तिथे निर्णय झाला. परिषदेने केलेले २० नियम आज वाचायला मिळतात. बिशपांची नेमणूक कशी करायची, छळाच्या काळात धर्म सोडून गेलेले परत आले तर त्यांना कसं सामावून घ्यायचं, धर्मगुरूंनी व्याज खाऊ नये, असले विषय त्यांत आहेत. बायबलच्या पुस्तकांची यादी एकाही नियमात नाही. सगळी पुस्तकं वेदीजवळ ठेवली आणि खोटी होती ती आपोआप खाली पडली, ही कथा नवव्या शतकाच्या सुमारास एका ग्रीक संग्रहात आली. पुढे व्होल्तेरने तिची खिल्ली उडवली आणि त्या निमित्ताने ती सगळीकडे पोचली. मतदानाची गोष्ट तिचीच पुढची आवृत्ती.

पहिला भाग मात्र सावकाश बघायला हवा. माझं माहेर नगरचं, प्रोटेस्टंट. सासर वसईचं, कॅथलिक. त्यामुळे आमच्या घरात दोन बायबलं आहेत, एकात ६६ पुस्तकं आणि दुसऱ्यात ७३. कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंचं शास्त्र म्हणजे फक्त हिब्रू ग्रंथ, आणि ज्यू परंपरेत ते २४ मोजतात. एकट्या महाराष्ट्रातच तीन आकडे झाले. एका माणसाने लिहून एका सभेने मंजूर केलेलं पुस्तक असतं तर असं झालं नसतं.

लिहिण्याचं म्हणाल तर परंपरा पहिली पाच पुस्तकं मोशेची मानते. पण त्यांतल्या पाचव्या, ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात मोशेचा मृत्यू सांगितलाय, आणि आजपर्यंत त्याची कबर कोणाला ठाऊक नाही असंही म्हटलंय. ही अडचण जुन्या रब्बींनाही दिसली होती. शेवटची आठ वचनं यहोशवाने लिहिली, असा खुलासा तालमूद या ज्यूंच्या जुन्या ग्रंथात आहे. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाचा ३६वा अध्याय ‘इस्राएलांवर कोणी राजा राज्य करू लागण्यापूर्वी’ असं बोलतो. इस्राएलात राजे होऊन गेल्यावरच कोणी असं लिहील. जलप्रलयाच्या गोष्टीत एके ठिकाणी प्रत्येक प्राण्याची एक जोडी घ्यायला सांगितलीय, लगेच पुढे शुद्ध प्राण्यांच्या सात-सात. म्हणून बहुतेक अभ्यासक या पाच पुस्तकांत निरनिराळ्या काळांतले प्रवाह एकत्र गुंफलेले मानतात. ते नेमके किती आणि कोणत्या शतकातले, यावर अजून भांडणं चालू आहेत. पण गुंफण आहे, याबद्दल फारसं दुमत उरलेलं नाही.

जुन्या काळी ‘लिहिणं’ म्हणजे काय होतं हे बघायचं असेल तर यिर्मया या संदेष्ट्याच्या, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्याच्या, पुस्तकाचा ३६वा अध्याय काढा. संपूर्ण बायबलात मला सर्वांत मोलाचा वाटणारा हा दाखला आहे. यिर्मया स्वतः लिहीत नाही. तो बोलतो आणि त्याचा लेखनिक बारूख शाईने गुंडाळीवर उतरवून घेतो. यिर्मयाला मंदिरात जायची बंदी आहे, म्हणून बारूखच ती गुंडाळी तिथे नेऊन लोकांपुढे वाचतो. मग ती राजा यहोयाकीमाकडे पोचते. हिवाळ्याचे दिवस असतात, राजापुढे शेगडी पेटलेली असते. यहूदी नावाचा अधिकारी वाचायला लागतो. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा लेखकाच्या चाकूने तेवढा भाग कापतो आणि शेगडीत टाकतो. असं करत करत सगळी गुंडाळी जळून जाते. नंतर यिर्मया बारूखला दुसरी गुंडाळी घ्यायला लावतो, पुन्हा सगळं सांगतो, आणि अध्यायाचं शेवटचं वाक्य सांगतं की त्यात तशाच आणखी पुष्कळ गोष्टींची भर पडली.

म्हणजे पुस्तक वाढतं, हे पुस्तकच सांगतंय. त्याला बाहेरून पुरावाही आहे. यिर्मयाची ग्रीक प्रत हिब्रू प्रतीपेक्षा बरीच आखूड आहे आणि तिच्यात अध्यायांचा क्रमही वेगळा आहे. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत त्या आखूड मजकुराशी जुळणारे हिब्रू तुकडेही मिळाले. एकाच पुस्तकाची दोन रूपं शेजारी शेजारी नांदत होती आणि त्याने कोणाचं काही अडत नव्हतं.

यशया या दुसऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकाचं वेगळं. पहिल्या ३९ अध्यायांचा गाभा इ.स.पू. आठव्या शतकातल्या यरुशलेमचा आहे, तेव्हा भीती अश्शूरची. चाळिसाव्या अध्यायापासून सगळंच बदलतं. लोक बाबेलमध्ये बंदिवासात आहेत, सुटका जवळ आलीय, आणि पारसाचा राजा कोरेश याचं नाव चक्क घेतलंय. कोरेशाने बाबेल घेतलं इ.स.पू. ५३९ मध्ये, यशयानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी. श्रद्धावान वाचक याला भविष्यकथन म्हणतात. बहुतेक अभ्यासक म्हणतात की हा त्याच परंपरेतला नंतरचा, नाव न सांगणारा संदेष्टा आहे. नामदेवांच्या गाथेत नंतरच्या विष्णुदास नाम्याचे अभंग मिसळले, तसंच हे. मी दुसऱ्या मताची आहे, आणि त्याने त्या अध्यायांची उंची माझ्यासाठी तसूभरही कमी होत नाही. १९४७ मध्ये कुमरानला यशयाची सात मीटरहून लांब गुंडाळी सापडली, ती इसवी सनापूर्वीची आहे. तिच्यात ३९वा अध्याय संपतो त्याच रकान्याच्या तळाशी ४०वा सुरू होतो. तोवर ते एकच पुस्तक होऊन गेलं होतं.

आतापर्यंतचं जुन्या कराराचं, म्हणजे बायबलच्या येशूपूर्वीच्या भागाचं झालं. येशूनंतरच्या नव्या करारात सर्वांत जुना मजकूर येशूच्या चरित्राचा नाही, आरंभीचा धर्मप्रसारक पौल याच्या पत्रांचा आहे. थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र इ.स. ५० च्या आसपासचं. पौलाच्या नावावर १३ पत्रं आहेत, त्यांतली सात निर्विवाद त्याची मानतात: रोमकरांस, करिंथकरांस दोन्ही, गलतीकरांस, फिलिप्पैकरांस, थेस्सलनीकाकरांस पहिलं आणि फिलेमोनाला. इथेही सांगणारा आणि लिहिणारा वेगळे. रोमकरांस पत्राच्या १६व्या अध्यायात मध्येच एक माणूस डोकं वर काढतो: हे पत्र लिहून देणारा मी तर्तिय, तुम्हाला सलाम सांगतो. गलतीकरांस पत्राच्या शेवटी पौल स्वतः लेखणी हातात घेतो आणि म्हणतो, बघा किती मोठ्या अक्षरांत मी तुम्हाला स्वहस्ते लिहितोय. इब्री लोकांस पत्रावर तर कोणाचंच नाव नाही. ते कोणी लिहिलं हे खरं तर देवालाच ठाऊक, असं तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती पंडिताने म्हणून ठेवलंय.

येशूचं चरित्र सांगणाऱ्या चारही पुस्तकांच्या, म्हणजे शुभवर्तमानांच्या, मजकुरात लेखकाने आपलं नाव घातलेलं नाही. मत्तय, मार्क, लूक, योहान ही चारही नावं एकत्र ठामपणे घेणारा पहिला माणूस म्हणजे लियोंचा बिशप इरेनियस, साधारण इ.स. १८० मध्ये. मार्क सर्वांत आधीचा, इ.स. ७० च्या आगेमागे; मत्तय आणि लूक यांनी त्याचा बराचसा मजकूर जसाच्या तसा घेतला; योहान बहुधा शेवटचा. लूक तर सुरुवातीलाच सांगतो की पुष्कळांनी या घटना लिहून काढायचा प्रयत्न केलाय, म्हणून मीही सगळं मुळापासून तपासून क्रमवार लिहितोय. आधीचं लेखन त्याच्यासमोर होतं, हे त्याने लपवलेलं नाही.

आता निवड. माझं म्हणणं एवढंच आहे की पुस्तकं मोठ्याने वाचली गेली म्हणून निवडली गेली, याद्या मागाहून आल्या. हे पत्र सर्व बंधूंना वाचून दाखवा, असं पौल थेस्सलनीकाकरांना शपथ घालून सांगतो. कलस्सैकरांस पत्रात तर पत्रांची अदलाबदल करायला सांगितलीय: हे लावदिकीयाच्या मंडळीत वाचा आणि तिकडचं तुम्ही वाचा. तिकडचं ते पत्र आज आपल्याकडे नाही. इ.स. १५५ च्या सुमारास रोममध्ये जस्टिन हा ख्रिस्ती लेखक लिहितो की रविवारी सगळे एकत्र जमतात आणि प्रेषितांच्या (येशूच्या पहिल्या शिष्यांच्या) आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ पुरेल तोवर वाचले जातात. वाचायचं म्हणजे प्रत हवी. प्रत करायची म्हणजे लिहिणारा हात, पपायरस किंवा चामडं आणि पैसा हवा. गावोगावच्या मंडळ्यांनी ज्या पुस्तकांसाठी हे सगळं पुन्हा पुन्हा केलं, ती टिकली.

याच सुमारास मार्कियन नावाच्या माणसाने जुना करार पूर्ण नाकारला आणि लूक अधिक पौलाची दहा पत्रं, तीही काटछाट करून, एवढंच शास्त्र ठरवलं. आपलं शास्त्र कोणतं, हा प्रश्न त्याच्यामुळे इतरांपुढे टोकदारपणे उभा राहिला.

निर्णय प्रत्यक्षात कसे होत, याचं एक उदाहरण फार बोलकं आहे. इ.स. २०० च्या सुमारास अंत्युखियाचा बिशप सेरापियन ऱ्होसस नावाच्या गावी गेला. तिथल्या मंडळीत पेत्राच्या नावाचं एक शुभवर्तमान वाचलं जात होतं आणि त्यावरून कुरबुर होती. सेरापियनने ते न वाचताच परवानगी दिली. नंतर कोणाकडून तरी मिळवून वाचलं, तेव्हा बहुतेक भाग ठीक वाटला, पण काही भर अशी दिसली की जिच्या आधाराने येशूचं शरीर खरं नव्हतंच असं शिकवणारे लोक उभे राहत होते. त्याने परवानगी मागे घेतली. बादशहा नाही, परिषद नाही, मतदान नाही. प्रेषिताचं नाव वर असणं त्याला पुरेसं वाटलं नाही. आत काय आहे आणि ते आपल्याला वारशाने मिळालंय का, हे त्याने पाहिलं.

चौथ्या शतकाच्या सुरुवातीला कैसरियाचा बिशप युसेबियस परिस्थिती प्रामाणिकपणे मांडतो. चार शुभवर्तमानं, प्रेषितांची कृत्ये, पौलाची पत्रं सर्वमान्य. याकोब, यहूदा, पेत्राचं दुसरं, योहानाचं दुसरं आणि तिसरं, यांवर वाद. प्रकटीकरण या पुस्तकाबद्दल त्याचा स्वतःचाच निर्णय होत नाही. त्याच शतकातल्या सिनाई हस्तलिखितात नव्या कराराच्या २७ पुस्तकांपाठोपाठ बर्णबाचं पत्र आणि हर्माचा मेंढपाळ हेही आहेत. नेमकी आजची २७ पुस्तकं, ना एक कमी ना एक जास्त, अशी आपल्याला माहीत असलेली पहिली यादी इ.स. ३६७ ची. आलेक्सांद्रियाचा बिशप अथनासियस दरवर्षी ईस्टरची तारीख कळवायला पत्र पाठवत असे, त्यातल्या ३९व्या पत्रात ती आहे. गंमत म्हणजे जुन्या कराराच्या त्याच्या यादीतून एस्तेरचं पुस्तक वगळलेलं आहे. पुढे हिप्पो (३९३) आणि कार्थेज (३९७) इथल्या आफ्रिकी परिषदांनी यादी मान्य केली. निकेया होऊन तेव्हा सत्तरेक वर्षं झाली होती.

जुन्या करारातला ६६ आणि ७३ चा फरक असा पडला. इसवी सनापूर्वी आलेक्सांद्रियात हिब्रू शास्त्राची ग्रीक भाषांतरं व्हायला लागली आणि ग्रीक वाचणाऱ्या ख्रिस्ती लोकांनी तीच वापरली. त्या संग्रहात टोबीत, युदीथ, मक्काबी, बेन सिरा अशी पुस्तकंही होती. पुढे ज्यूंच्या हिब्रू संग्रहात ती राहिली नाहीत. बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमने हिब्रूचा पक्ष घेतला, हिप्पोचा बिशप ऑगस्टिनने चर्चच्या वापराचा. हा मतभेद हजार वर्षं तसाच पडून होता. १५३४ च्या आपल्या जर्मन बायबलात प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथरने ती पुस्तकं दोन करारांच्या मध्ये वेगळी काढून छापली. कॅथलिक चर्चने १५४६ मध्ये ट्रेंट इथे ती शास्त्रच आहेत असं ठरवून टाकलं. प्रोटेस्टंट बायबलातूनही ती लगेच गेली नाहीत. १६११ च्या इंग्रजी बायबलात ती आहेत. १८२६ मध्ये लंडनच्या बायबल सोसायटीने मोठ्या वादानंतर ठरवलं की ही पुस्तकं असलेल्या आवृत्त्यांना पैसे द्यायचे नाहीत. मिशनऱ्यांनी देशोदेशी पोचवलेल्या बायबलांवर त्याचा मोठा परिणाम झाला. माझ्या माहेरच्या मराठी बायबलात टोबीत नाही, त्यामागे ल्यूथरइतकाच त्या ठरावाचाही हात आहे.

राहिली ‘जाळलेली’ पुस्तकं. पाखंडी ठरलेल्या लेखकांची पुस्तकं नष्ट करायचे हुकूम निघाले, हे खरं आहे. निकेयानंतर अरियसच्या लेखनावर तसा हुकूम निघालाच. पण बायबलाबाहेर राहिलेली बहुतेक पुस्तकं प्रती करणं थांबल्यामुळे विरळ झाली. पेत्राच्या त्या शुभवर्तमानाचा एक भाग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इजिप्तमधल्या अखमीमला एका कबरीत सापडला. हनोखाच्या पुस्तकाचा उतारा तर यहूदाच्या पत्रात हनोखाचं नाव घेऊन दिलेला आहे. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चने ते पुस्तक कधी सोडलंच नाही, त्यांच्याकडे पुस्तकांची संख्या ८१ धरतात. थोमाचं शुभवर्तमान १९४५ मध्ये इजिप्तमध्येच नाग हम्मादीजवळ मातीच्या रांजणातून निघालं.

ही सगळी आज भाषांतरात वाचायला मिळतात. तुम्ही आधी मार्क एका बैठकीत वाचा, दीड-दोन तास पुरतात. मग थोमाची ११४ वचनं वाचा. त्यांतली बरीच तुम्हाला ओळखीची वाटतील, मोहरीच्या दाण्याचा दाखलासुद्धा तिथे आहे. पण त्यात येशूच्या वधस्तंभाची कथा नाही, रिकामी कबर नाही, एकामागून एक नुसती वचनं आहेत.