आत्महत्येमागे मानसिक आजार असतो की गरिबी?

या प्रश्नातला 'की'च चुकतो. नैराश्य असलेले बहुतेक जण आत्महत्या करत नाहीत, कर्जात बुडालेलेही नाहीत. दोन्ही एकाच घरात शिरली की मात्र धोका वाढतो, कारण ती एकमेकांना पोसतात.

आमच्या वागळे इस्टेटच्या चाळीतला एक जण नाक्यावर बिगारी कामाला उभा राहायचा. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण येत होता. पण ओपीडीचा दिवस म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे मजुरी गेली. मग तो स्ट्रिप पुरवून पुरवून खाऊ लागला, शेवटी बंदच केली. झोप उडाली, काम सुटलं, भाडं थकलं. यातला आजार कुठला आणि गरिबी कुठली, सांगा! (बायकोने हट्टाने परत डॉक्टरकडे नेलं, आता बरा आहे.)

एनसीआरबीच्या (गुन्ह्यांची आणि आत्महत्यांची देशभरची आकडेवारी ठेवणारी सरकारी संस्था) २०२२ च्या नोंदीत १,७०,९२४ आत्महत्या आहेत, त्यात रोजंदारीवाले साधारण २६ टक्के. कारणांत सगळ्यात वर 'कौटुंबिक समस्या'. या दोन शब्दांत काय काय कोंबलेलं असतं, ते चाळीत राहणाऱ्याला विचारा.

स्वतःसाठी किंवा घरच्या कुणासाठी विचारत असाल तर आजच १४४१६ ला फोन करा. टेली-मानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन: सरकारी, मोफत, चोवीस तास. मराठीत बोलता येतं.