डुकराच्या हृदयाचे ‘पंपिंग’ कसे मोजतात?

प्रश्न : डुकराचे हृदय माणसाला बसवल्याच्या बातम्या वाचल्या. डुकराचे हृदय न उघडता ते नीट चालते की नाही, हे संशोधक कसे ठरवतात? आपल्यासारखा टूडी इको डुकराचाही होतो का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : टूडी इको डुकराचाही होतो; मात्र माणसाच्या इकोची सवय असलेल्याचा हात तेथे अडतो. डुकराची छाती होडीच्या तळासारखी खाली निमुळती होत जाते आणि मध्ये फुप्फुसातील हवा येते. त्यामुळे हृदयाचे चारही कप्पे एकत्र दाखवणारे जे चित्र माणसात हृदयाच्या टोकाकडून घेतात, ते डुकरात पुष्कळदा धड मिळत नाही. मग प्रोब छातीच्या उजव्या बाजूने टेकवून किंवा अन्ननलिकेतून आत सोडून पाहावे लागते.

नेमका आकडा हवा असेल, तर एमआरआय अधिक भरवशाचा. भूल दिलेल्या डुकराला व्हेंटिलेटरवर ठेवून, ईसीजीशी मेळ साधत, हृदयाच्या बुडापासून टोकापर्यंत काही मिलिमीटर जाडीचे आडवे काप टिपले जातात. चित्र हलू नये म्हणून तेवढे काही सेकंद व्हेंटिलेटर थांबवतात. नंतर पडद्यावर प्रत्येक कापात डाव्या निलयाच्या (शरीराला रक्त ढकलणाऱ्या खालच्या कप्प्याच्या) आतल्या कडेवरून रेघ फिरवतात, एकदा तो पूर्ण भरलेला असताना आणि एकदा पूर्ण आकुंचन पावल्यावर. समजा, भरलेला निलय ८० मिलिलिटरचा आणि आकुंचनानंतर ३६ मिलिलिटरचा निघाला, तर एका ठोक्याला ४४ मिलिलिटर रक्त बाहेर पडले, म्हणजे ५५ टक्के. आपले डॉक्टर ज्याला ‘पंपिंग’ म्हणतात, ते हेच. निलयाच्या आत उभे असलेले स्नायूंचे खुंट रेघेच्या आत धरायचे की बाहेर, हे आधीच ठरवून शेवटपर्यंत पाळावे लागते. नाहीतर दोन तपासण्यांतला फरक हृदयाचा नसतो, रेघेचा असतो.

हा टक्का सुटा छापलेला दिसला की मला खटकते. आयसोफ्लुरेनसारख्या भुलीच्या वायूने हृदयाचे आकुंचन मंदावते, तर केटामिनने ठोके वाढतात. म्हणून कोणती भूल, किती मात्रेत आणि ठोके किती असताना मोजणी झाली, हे कळल्याशिवाय त्या टक्क्याला अर्थ नाही.

डुकरात कृत्रिम हृदयविकाराचा झटका आणून केलेल्या अभ्यासात तर हे फारच महत्त्वाचे ठरते. कुत्र्याच्या हृदयात मुख्य वाट बंद झाली तरी रक्त पोचवणाऱ्या आडवाटेच्या रक्तवाहिन्या भरपूर असतात, डुकरात त्या नगण्य. त्यामुळे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी एक करोनरी धमनी बंद केली की ठरावीक भाग हमखास मरतो, आणि गॅडोलिनियम हे चित्रातला फरक ठळक करणारे द्रव्य टोचल्यावर एमआरआयमध्ये तो पांढरा उजळून दिसतो. त्याच जनावराची आठवड्यांनी पुन्हा तपासणी करता येते, म्हणजे प्रत्येक टप्प्यासाठी वेगळे डुक्कर मारावे लागत नाही, आणि मला ही या पद्धतीची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते. अडचण एवढीच, की शेतावरच्या जातीचे डुक्कर तेवढ्या काळात झपाट्याने वाढते आणि हृदयही मोठे होते. ही वाढ आजाराची समजली जाऊ नये म्हणून आकारमान शरीराच्या मापाशी ताडून पाहतात, किंवा जर्मनीत विकसित झालेल्या गॉटिंगेन मिनिपिगसारखी लहान जात निवडतात.

आपण वाचलेल्या बातम्यांशीही याच वाढीचा संबंध आहे. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात डेव्हिड बेनेट यांना बसवलेल्या हृदयासाठी डुकरात १० जनुकीय बदल केले होते. त्यांतला एक, हृदय छातीत वाढत जाऊ नये म्हणून, वाढीच्या संप्रेरकाला प्रतिसाद देणारे जनुक बंद करण्याचा होता.