‘भजनाचा छंद’ म्हणणे हलके ठरते का?

परळच्या एका वाचकाचा प्रश्न असा : सकाळच्या लोकलमध्ये टाळ घेऊन वर्षानुवर्षे भजन म्हणणाऱ्या एका गृहस्थांविषयी लिहिताना त्यांनी ‘भजनाचा छंद’ असे शब्द वापरले, तेव्हा आयुष्यभराच्या निष्ठेला छंद म्हणणे हलके वाटते, असा आक्षेप आला. तो योग्य आहे का, आणि ‘स्वच्छंद’ व ‘छंदोबद्ध’ यांतला छंदही हाच का?

आक्षेप मला मान्य नाही. एप्रिल आला की दादर-पार्ल्याकडे उन्हाळी छंदवर्गांच्या पाट्या लागतात, आणि ‘हॉबी’चा पर्याय म्हणून वापरून वापरून छंद म्हणजे फावल्या वेळचा विरंगुळा एवढाच अर्थ आपल्या मनात उरला आहे. तो चुकीचा नाही, पण तोकडा आहे. संस्कृतातील अकारान्त ‘छन्द’ म्हणजे इच्छा, आवड, मर्जी. ‘गोविंद गोविंद । मना लागलिया छंद’ असे तुकोबा म्हणतात आणि लगेच पुढे काया गोविंदरूप झाल्याचे सांगतात. तिथे विरंगुळ्याचा मागमूसही नाही.

या शब्दाचे खरे वजन त्याच्या सोबतच्या क्रियापदांत आहे. ‘मला छंद लागला’ या रचनेत ‘मी’ कर्ता नसतो. वेड, लळा, गोडी यांप्रमाणे छंद आपणहून येऊन माणसाला धरतो. उलट ‘मी छंद जोपासला’ म्हणताच कर्तेपण माझ्याकडे येते, कारण लागलेले टिकवायला रोजची मेहनत पडते. मूल हट्टाला पेटले की त्याने ‘छंद घेतला’ असेही जुनी माणसे म्हणतात. प्रेम, चिकाटी आणि हट्ट एवढे सारे पेलणारा दुसरा शब्द मला तरी सुचत नाही. गिरणगावात पाळी संपवून आलेले कामगार चाळींमधून भजनी मंडळे चालवत, त्यांच्या त्या नेमाला हाच शब्द शोभतो.

‘स्वच्छंद’मधला छंद हाच आहे. स्व आणि छंद यांच्या संधीत ‘च्’ येतो, म्हणून तो ‘स्वच्छ’पासून आल्याचा भास होतो. स्वतःच्या मर्जीने वागणे हा मूळ अर्थ. ‘स्वच्छंदी’ला पुढे बेबंदपणाचा डाग लागला, तरी पाखरू स्वच्छंद उडते म्हणताना तो दिसत नाही.

‘छंदोबद्ध’मध्ये मात्र सकारान्त ‘छन्दस्’, म्हणजे पद्यरचनेचे माप, आहे, म्हणूनच तिथे ‘छंदो’ होते. वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणारे यास्काचार्य तो झाकणे या अर्थाच्या धातूवरून साधतात, तर काही अभ्यासक रिझवणे या अर्थाशी त्याचे नाते जोडतात, आणि मला हे दुसरे मत अधिक पटते. माधवराव पटवर्धनांच्या (कवी माधव जूलियन यांच्या) ज्या ‘छंदोरचना’ ग्रंथासाठी मुंबई विद्यापीठाने 1938 साली त्यांना डी.लिट. दिली, त्यात छंद, वृत्त आणि जाती अशी पद्यप्रकारांची विभागणी आहे. ओवी-अभंग छंदांत मोडतात : अक्षरसंख्या सांभाळायची, लघुगुरूंचा ठरावीक क्रम मात्र पाळायचा नाही. ही मोकळीक असल्यामुळे बोलण्यातले शब्द फारसे न मुरडता अभंगात बसतात.

तेव्हा वाक्यात एवढाच बदल करावा, की ‘छंद होता’ऐवजी ‘छंद लागला होता’ असे लिहावे.