वाचक विचारतात : कित्तूरच्या राणीला ‘वाचून हादराल’ छाप मथळा?

प्रश्न : आमच्या शाळेतली मुलं इतिहासावर भित्तिपत्रक करताहेत. मोबाइलवर येतात तसले सनसनाटी मथळे द्यायचे म्हणतात. चेष्टा तर होणार नाही ना? — एक शिक्षिका, खानापूर

उत्तर : खुशाल करू द्या. फक्त आधी बातमी, मग मथळा. उलटं केलं की मथळा खपवायला मुलं मजकूर वाकवतात.

प्रत्येक घटनेच्या चार ओळी लिहून घ्या : कोण, कुठे, कधी, का. यातली एकच गोष्ट मथळ्यात झाकायची. ‘गांधीजी जन्मात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, तेही इथून जवळच! गाव ओळखा.’ आत : बेळगाव, डिसेंबर १९२४. दोन गोष्टी झाकल्या तर कोडं होतं, काहीच नाही झाकलं तर पाठ्यपुस्तक.

गाडी घसरते ती कित्तूरच्या राणी चेन्नम्मापाशी. ‘राणीने कलेक्टरला स्वतः लोळवलं!’ हा मथळा कुणीतरी आणणारच. २३ ऑक्टोबर १८२४ ला धारवाडचा इंग्रज कलेक्टर थॅकरे गोळी लागून मारला गेला हे खरं, पण ती गोळी राणीच्या फौजेतल्या अमटूर बाळप्पाची, असं मानतात. ‘इंग्रज कायमचे पळाले’ हेही खोडा. डिसेंबरातच कित्तूरचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला. त्यापेक्षा ‘दत्तक मानायला साहेब तयार नव्हता, कित्तूरला गेला तो परत आलाच नाही!’ यात खोटा शब्द नाही, आणि भांडण कशावरून पेटलं (कित्तूरच्या गादीच्या दत्तक वारसावरून) तेही आलं.

आपल्या बेळगाव भागाला सगळ्यात चपखल बसतो तो राज्यपुनर्रचनेचा दिवस, १ नोव्हेंबर १९५६. ‘जिल्हा गेला म्हैसूर राज्यात, एक तालुका मात्र मागेच राहिला!’ आत : चंदगड, मुंबई राज्यातच राहिला, आणि शेजारी नकाशा. सीमावाद पोरांच्या अंगावर टाकू नका, तारीख पुरे बोलते.

राणीच्या बाजूने लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला मात्र असला मथळा नकोच. १८३१ मध्ये इंग्रजांनी त्याला फाशी दिली ते नंदगड तुमच्याच तालुक्यात आहे. तिथे साधा मजकूर ठेवा.

आता ‘क्लिक’ची सोय. मथळा आठ-दहा शब्दांचा, जाड कार्डशीटच्या पट्टीवर. पट्टीची वरची कडच चिकटवा आणि खाली बातमी लिहा, म्हणजे पट्टी उचलली की वाचता येते. साधी सेलोटेप पोरांच्या ओढाताणीत निघते, कापडी टेप लावा. पातळ कागदातून खालची बातमी दिसते आणि आधीच फुटते, म्हणून कार्डशीटच घ्या.